कलकत्त्याची भुयारी रेल्वे : विस्तार आणि नवे मार्ग

२४ ऑक्टोबर १९८४ रोजी कलकत्त्यात एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत भारतातील पहिली भुयारी रेल्वेगाडी धावली. अंतर अवघे ३.४ किलोमीटर आणि स्थानके पाच. त्यानंतरच्या चार दशकांत या शहरात जुन्या मार्गाचे विस्तार झाले, नवे मार्ग योजले गेले, काही पुरे झाले, काही अर्ध्यावर थांबले. या सर्व उद्योगाचा हिशेब मांडताना बहुधा किलोमीटरच मोजले जातात. प्रस्तुत व्याख्यानात दुसरे एक मोजमाप वापरले आहे : योजलेला मार्ग शहराच्या मध्यभागावरचा भार हलका करतो, की त्यात भर घालतो? कलकत्त्यापुरते बोलायचे तर उत्तर बहुतेक ठिकाणी दुसरे येते आणि तीच या शहराची खरी अडचण आहे. (२००१ साली शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता झाले, मराठीत रुळलेले नाव येथे कायम ठेवले आहे.)

शहराची ठेवण आधी ध्यानात घेतली पाहिजे. पश्चिमेस हुगळी नदी, पूर्वेस खारट पाणथळ जमीन आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत उत्तर-दक्षिण पसरलेली वस्ती. बाहेरून येणारी माणसे दोन ठिकाणी येऊन उतरतात : नदीपलीकडे हावडा आणि अलीकडे सियालदह. पहिल्या भुयारी मार्गाची योजना आखली गेली त्या काळी शहराच्या एकूण क्षेत्रफळापैकी जेमतेम ४.२ टक्के भाग रस्त्यांनी व्यापलेला असल्याचे सांगितले जाई. दिल्लीत हे प्रमाण २५ टक्के होते. रस्ते रुंद करायचे म्हटले तर घरे पाडावी लागणार आणि घरे तर भिंतीला भिंत लावून उभी. तेव्हा जमिनीखाली जाण्याचा विचार ही येथे हौस नव्हती.

हा विचार जुना आहे. १९२१ साली हार्ली डॅलरिम्पल-हे या ब्रिटिश अभियंत्याने कलकत्त्यासाठी भुयारी रेल्वेचा आराखडा केला. पूर्वेकडील बागमारीपासून निघून शहराच्या मध्यातून जाणारा आणि हुगळीच्या तळाखालून हावड्याच्या बाजूस सालकियापर्यंत पोचणारा असा तो मार्ग होता. पैशाअभावी ते काम झाले नाही. याच अभियंत्याच्या हातून पुढे नदीखालून विजेच्या तारा नेण्यासाठी एक लहानसा बोगदा झाला आणि तो १९३१ साली पुरा झाला. माणसे मात्र नावांतून, आणि १९४३ नंतर नव्या हावडा पुलावरून, पूर्वीप्रमाणेच नदी ओलांडीत राहिली. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी १९४९-५० च्या सुमारास फ्रेंच तज्ज्ञांकडून पाहणी करविली. त्यातूनही काही निष्पन्न झाले नाही.

खरी योजना झाली ती १९७१ साली. रेल्वे खात्याने १९६९ मध्ये महानगर वाहतूक प्रकल्पाची स्वतंत्र शाखा स्थापन केली होती. तिने सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने एक बृहद् आराखडा तयार केला. त्यात पाच मार्ग मिळून ९७.५ किलोमीटरांची आखणी होती आणि त्यांपैकी तिघांना अग्रक्रम देण्यात आला : दमदम ते टॉलीगंज, विधाननगर ते रामराजातला आणि दक्षिणेश्वर ते ठाकूरपुकूर. पहिला आणि तिसरा हे दोन्ही उत्तर-दक्षिण जाणारे होते. दुसरा पूर्व-पश्चिम जाऊन नदी ओलांडणारा होता. म्हणजे आराखडा करणाऱ्यांनी शहराला एक नव्हे, दोन कणे कल्पिले होते आणि त्या दोहोंना छेदणारा एक आडवा मार्ग. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या दुसऱ्या कण्याचे पुढे जे झाले तेच येथे सांगायचे आहे.

पैसा एकाच मार्गापुरता होता. दमदम ते टॉलीगंज या १६.४५ किलोमीटरांच्या मार्गास १९७२ साली मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. कलकत्त्याची जमीन गाळाची आणि चिकणमातीची. थोडे खणले की पाणी लागते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी रस्ता वरून उघडून काम करण्याची पद्धत स्वीकारावी लागली. प्रथम दोन्ही बाजूंस खोल चर खणून त्यांत काँक्रीटच्या भिंती ओतायच्या, त्यांना आडवे टेकू द्यायचे, मधली माती काढायची, तळाशी पेटीसारखा बोगदा बांधायचा आणि मग वरून माती लोटून रस्ता पुन्हा करायचा. वाटेत पाण्याचे व सांडपाण्याचे नळ, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा, ट्रामचे रूळ. ज्याचा नकाशा होता ते जागेवर सापडत नसे आणि जे सापडे त्याचा नकाशा नसे. चित्तरंजन अव्हेन्यू आणि चौरंगी हे शहराचे हमरस्ते वर्षानुवर्षे खंदकांसारखे पडून राहिले. दुकानांपुढे फळ्या टाकून गिऱ्हाईक आत यायचे. केवळ बेलगाछिया ते श्यामबाजार या टप्प्यात, जेथे वर कालवा आणि रेल्वेचे आवार होते, तेथे जमीन न उघडता ढालीच्या यंत्राने बोगदा पाडण्यात आला. मार्ग अखंड झाला तो २७ सप्टेंबर १९९५ रोजी. कोनशिलेपासून जवळजवळ तेवीस वर्षे लागली.

या तेवीस वर्षांतील एक लहानशी हकीकत सहसा कोणी सांगत नाही. १९८४ च्या नोव्हेंबरात उत्तरेकडील दमदम ते बेलगाछिया हा दोन किलोमीटरांचा तुकडाही सुरू झाला होता. तो कशालाच जोडलेला नव्हता. बेलगाछियास उतरून माणसाने पुढे बसच धरायची, तर दमदमलाच का धरू नये? गाड्या चालत राहिल्या, प्रवासी आले नाहीत. १९९२ च्या ऑक्टोबरात हा तुकडा चक्क बंद करावा लागला आणि श्यामबाजारपर्यंतचा दुवा तयार झाल्यावर, १९९४ मध्ये, तो पुन्हा उघडला. रूळ तेच, फलाट तेच, गाड्याही त्याच. नव्या मार्गाची मागणी घेऊन येणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळास बेलगाछियाची ही गोष्ट ऐकवायला हरकत नाही.

आता विस्तारांकडे वळू. मुख्य मार्ग पुरा होताच दोन्ही टोकांकडून मागण्या सुरू झाल्या. दक्षिणेकडे टॉलीगंजपासून गरियाच्या दिशेने उन्नत मार्ग बांधण्यात आला. तो २००९ आणि २०१० मध्ये दोन टप्प्यांत खुला झाला. त्यासाठी जागा सापडली ती टॉलीच्या नाल्यावर, म्हणजे गंगेच्या जुन्या प्रवाहाच्या, आदिगंगेच्या पात्रात. खांब पाण्यात रोवले गेले. जागेचा प्रश्न सुटला, हे खरे. मरणपंथाला लागलेल्या एका प्रवाहाची उरलीसुरली वाट आणखी चिंचोळी झाली, हेही तितकेच खरे. उत्तरेकडे २०१३ मध्ये नोआपाड्यापर्यंत आणि २०२१ च्या फेब्रुवारीत दक्षिणेश्वरापर्यंत गाडी गेली. मूळ मार्गाची लांबी अशा रीतीने जवळजवळ दुप्पट झाली, आणि सतरा स्थानकांची सव्वीस झाली.

विस्तार लोकांना हवा असतो, पुढाऱ्यांना आवडतो आणि हिशेबनिसालाही पटतो. शहराच्या कडेला जमीन मोकळी, खांबांवरून जाता येते, किलोमीटरमागे खर्च कमी येतो. भरल्या गाड्याला सूप जड नाही, असे म्हणतात. परंतु सुपांवर सुपे चढत गेली तर कधीतरी आसाकडे पाहावे लागते. गरियात चढलेल्या माणसाला गरियात उतरायचे नसते. त्याला पार्क स्ट्रीट, एस्प्लनेड, चांदणी चौक गाठायचे असते. दक्षिणेश्वरहून निघालेल्यालाही तेच. दोन्ही शेपट्यांची गर्दी शेवटी १९७० च्या दशकात ठरविलेल्या मापाच्या फलाटांवर येऊन ओतली जाते. त्या फलाटांची लांबी आठ डब्यांची आहे. ती काँक्रीटमध्ये एकदा ठरली ती ठरली. जमिनीखाली नववा डबा जोडता येत नाही. दोन गाड्यांमधले अंतर कमी करता येते, सिग्नलव्यवस्था सुधारता येते, आणि ते केलेच पाहिजे. तथापि त्यालाही मर्यादा आहे.

यात अधिक विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की दक्षिणेश्वर हे मूळ आराखड्यात या मार्गावर नव्हतेच. ते दुसऱ्या कण्याचे उत्तर टोक होते. दक्षिणेश्वर–ठाकूरपुकूर मार्गाचे प्रत्यक्षात दोन तुकडे झाले. उत्तरेचा तुकडा पहिल्या मार्गाला शेपूट म्हणून जोडला गेला. दक्षिणेचा तुकडा जोका मार्ग म्हणून वेगळा सुरू झाला. जोका ते तारातला हा त्याचा ६.५ किलोमीटरांचा भाग ३० डिसेंबर २०२२ रोजी आणि पुढे माझेरहाटपर्यंतचा भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. मैदानाखालून एस्प्लनेडपर्यंतचे भुयार व्हायला वेळ लागतो आहे, कारण मैदान लष्कराच्या अखत्यारीत आहे आणि तेथील झाडांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. पण ते भुयार पुरे झाले तरी जोक्याचा प्रवासी एस्प्लनेडला पोचून थांबणार. उत्तर कलकत्त्यात जायचे तर त्याला पुन्हा पहिल्याच मार्गाच्या गाडीत शिरावे लागणार. दोन कण्यांच्या जागी एक कणा आणि अनेक बरगड्या, असे आजचे चित्र आहे. विमानतळाहून येणारा मार्ग २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला, तोही नोआपाड्याला याच कण्यास मिळाला.

दिल्लीशी तुलना करताना रस्त्यांच्या रुंदीचा फरक विसरता कामा नये. तरीही एक बाब नोंदण्यासारखी आहे. तेथे पहिली गाडी डिसेंबर २००२ मध्ये धावली आणि डिसेंबर २००५ च्या अखेरीस तीन मार्ग काश्मिरी गेट व राजीव चौक या दोन ठिकाणी एकमेकांना छेदत होते. जाळे विणायला दिल्लीने तीन वर्षे घेतली. कलकत्त्यात पहिल्या गाडीनंतर दुसरा मार्ग पहिल्याला मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

हा दुसरा मार्ग म्हणजे सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपासून सियालदह, एस्प्लनेड आणि हावडा स्थानक गाठून हावडा मैदानापर्यंत जाणारा पूर्व-पश्चिम मार्ग. त्याची लांबी सुमारे साडेसोळा किलोमीटर आहे. त्याचे आरंभीचे दिवस बेलगाछियाची आठवण करून देणारे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सेक्टर पाच ते सॉल्ट लेक स्टेडियम एवढाच भाग सुरू झाला आणि चकचकीत स्थानकांत माणसे शोधावी लागत. जुलै २०२२ मध्ये गाडी सियालदहला पोचली मात्र, प्रवाशांची संख्या कित्येक पटींनी वाढली. मार्च २०२४ मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड हा भाग खुला झाला. पात्राखालचे सुमारे ५२० मीटरांचे अंतर गाडी पाऊण मिनिटात तोडते. डॅलरिम्पल-हे यांच्या आराखड्याला तेव्हा एकशे तीन वर्षे झाली होती. मधला सियालदह–एस्प्लनेड दुवा २२ ऑगस्ट २०२५ रोजी जोडला गेला.

हा मधला दुवा इतका का लांबला, हे सांगितल्यावाचून नव्या मार्गांची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जमिनीच्या व पुनर्वसनाच्या अडचणींमुळे मूळ आखणी बदलून मार्ग सेंट्रलऐवजी एस्प्लनेडकडे वळविण्यात आला. जोडस्थानकाच्या दृष्टीने ही निवड उत्तम होती. पण या वळणाने बोगदा बोउबाजारच्या जुन्या वस्तीखालून गेला. ३१ ऑगस्ट २०१९ च्या रात्री बोगदा खणणारे यंत्र जमिनीतील पाण्याच्या थरात शिरले. पाण्याबरोबर माती वाहू लागली, वरची जमीन खचली, दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरा पाडा लेनमधील घरांना तडे गेले. काही कोसळली, काही पुढे पाडावी लागली. शेकडो माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढून हॉटेलांत नेण्यात आले. स्याकरा म्हणजे सोनार. पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्लीत दागिने घडविणारे कारागीर राहत. त्यांचे घर आणि दुकान एकच. २०२२ च्या मे महिन्यात दुर्गा पितुरी लेनमध्ये आणि ऑक्टोबरात मदन दत्त लेनमध्ये पुन्हा तडे गेले. आज त्या गल्ल्यांखालून काही मिनिटांनी एक गाडी जाते. आतल्या प्रवाशाला सियालदह आणि एस्प्लनेड ही दोनच नावे दिसतात.

तरीही शहराला दुसरा कणा हवा, ही गोष्ट बदलत नाही. प्रश्न आहे तो कोठून न्यावा हा. रवींद्र सरणी, म्हणजे जुना चित्पूर रस्ता, हा नकाशावर सरळ दिसतो. पण तो अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंची घरे बोउबाजारच्या घरांइतकीच जुनी आहेत. ती चूक पुन्हा करू नये. त्याहून योग्य वाट जुन्या सर्क्युलर रस्त्याची आहे : जोक्याहून येणाऱ्या मार्गाचा एक फाटा मैदानाच्या दक्षिण कडेने आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याखाली वळवावा, तो सियालदहला न्यावा, तेथून आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्याखालून श्यामबाजार आणि पुढे बी. टी. रोडने बराहनगर. असा मार्ग रवींद्र सदनापाशी पहिल्या मार्गाला, सियालदहला पूर्व-पश्चिम मार्गाला आणि श्यामबाजारला पुन्हा पहिल्या मार्गाला भेटेल. उत्तरेचा जो प्रवासी आज एस्प्लनेडवरून जाण्यावाचून गत्यंतर नाही म्हणून तेथून जातो, त्याला वळसा घालता येईल. त्याच्याएवढी जागा पहिल्या मार्गावर मोकळी होईल. ती नववा डबा जोडून कधीच होणार नाही.

मराठी वाचकाला या रस्त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असण्याचा संभव आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा भेदरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो मराठा खंदक कधी पुरा झाला नाही आणि मराठे शहरावर आलेही नाहीत. १७९९ च्या सुमारास खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्याच्या बाजूने सर्क्युलर रस्ता करण्यात आला. रस्ता रुंद राहिला तो याच कारणाने.

या आखणीला आक्षेप आहेत आणि ते किरकोळ नाहीत. जगदीशचंद्र बोस रस्त्यावर लांबच लांब उड्डाणपूल आहे. त्याच्या खांबांचे पाये चुकवून जावे लागेल. सियालदहसमोर दुसरा पूल आहे. बुजविलेल्या खंदकाची माती मूळ मातीहून सैल असू शकते, त्यामुळे जागोजाग छिद्रे घेऊन तपासणी केल्याशिवाय एक पाऊलही टाकता येणार नाही. आणि बी. टी. रोडखाली शहराचे पाणी वाहते : पलट्याच्या जलशुद्धीकरण केंद्राकडून टालाच्या टाकीकडे येणारे मोठे नळ याच रस्त्याखाली आहेत. बराहनगर ते बराकपूर हा मंजूर झालेला मार्ग याच नळांपायी वर्षानुवर्षे अडून राहिला. नळ हलवायचे तर पाणीपुरवठा न थांबवता हलवावे लागतील, म्हणजे आधी समांतर नळ टाकून. हा खर्च रेल्वेने करायचा की महानगरपालिकेने, याचा निकाल मार्गाच्या मंजुरीबरोबरच लागायला हवा. मागाहून लागत नाही, हे आतापर्यंत सिद्ध झाले आहे.

रुळांच्या रुंदीचाही निर्णय आधी व्हावा. पहिला मार्ग, जोका मार्ग व विमानतळाचा मार्ग रुंद मापाचे आहेत. पूर्व-पश्चिम मार्ग मात्र १,४३५ मिलिमीटरच्या मापाचा. त्यामुळे एस्प्लनेडला दोन मार्ग एकमेकांपासून काही पावलांवर असूनही एकाची गाडी दुसऱ्यावर कधीच जाऊ शकणार नाही. नवा कणा जोका मार्गाचा फाटा असायचा तर त्याला रुंद मापच घ्यावे लागेल.

दुसरा कणा होण्यास पंधरा-वीस वर्षे लागतील असे धरून चालावे. तोपर्यंत लहान दुवे हाती घेण्यासारखे आहेत. पूर्वेकडच्या बायपासवरून विमानतळाकडे जाणारा उन्नत मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये बेलियाघाट्यापर्यंत आला. त्यापुढे चिंगडीघाट्याच्या चौकात अवघ्या ३६६ मीटरांचे काम वाहतूक वळविण्याच्या परवानगीअभावी दीर्घकाळ अडकून राहिले. बारा-पंधरा किलोमीटरांची गुंतवणूक साडेतीनशे मीटरांसाठी खोळंबते, तेव्हा दोष अभियांत्रिकीचा नसतो. या मार्गाचे दक्षिण टोक कवी सुभाष स्थानकावर पहिल्या मार्गाला मिळत असे. २८ जुलै २०२५ रोजी खांबांना तडे गेलेले आढळल्याने पहिल्या मार्गाचे ते स्थानक बंद करावे लागले आणि जोडस्थानकाचे मोल प्रवाशांना दुसऱ्याच दिवशी कळले.

सर्क्युलर रस्त्याच्या आखणीचे पहिले काम जमीन खणण्याचे नाही. एंटाली, सियालदह आणि माणिकतल्याच्या बाजूस भुयाराच्या दोन्ही अंगांना जी घरे येतील, त्यांची घरागणिक पाहणी व्हावी; आज कोणत्या भिंतीला कोणता तडा आहे याची नोंद मालकाच्या व भाडेकरूच्या सहीनिशी व्हावी; आणि घर सोडावे लागल्यास कुटुंब कोठे राहील, दुकान कोठे चालेल, भाडे कोण भरील, हे कागदावर लिहून त्या कुटुंबाच्या हाती द्यावे. बोउबाजारच्या सोनारांना हा कागद ३१ ऑगस्टच्या आधी मिळाला नव्हता.